पंख्याच्या पात्यांचें गणित

छताचा पंखा हवा खालीं लोटतो. तोच हलका करून पुरेशा वेगानें फिरविला, तर हवेच्या उलट रेट्यानें तो स्वतःच वर उचलला जाईल. वैमानिकावांचून उडणाऱ्या लहान यंत्रांचें, म्हणजे ड्रोनचें, मूळ रहस्य एवढेंच. परंतु किती भार उचलला जाईल हें आधीं सांगणें सोपें नाहीं.

ह्या गणिताचा उगम समुद्रांत आहे. ग्लासगो येथील रँकिन यांनीं १८६५ सालीं जहाजाच्या पंख्याचा विचार करतांना पातीं बाजूस ठेवून, त्यांच्या जागीं पाणी मागें ढकलणारी एक चकती कल्पिली. हिशेब सुटला, पण पात्याचा आकार त्यांत कोठेंच नव्हता! राइट बंधूंना हीच उणीव नडली. तेव्हां पातें म्हणजे गोल फिरणारा पंखच, असें मानून त्यांनीं १९०३ च्या विमानाचीं पातीं घडविलीं. पुढें इंग्लंडांतील ग्लॉअर्ट प्रभृतींनीं दोन्ही विचारांची सांगड घातली. पात्याचे बारीक तुकडे कल्पावयाचे, प्रत्येकाचा जोर कोष्टकांतून घ्यावयाचा आणि बेरीज करावयाची.

कोष्टकें मात्र मोठ्या पंखांचीं. पातें लहान आणि हवा विरळ असली कीं हवेचा चिकटपणा वरचढ होतो. उचल घटते, विरोध वाढतो. मंगळावर हेंच संकट उभें राहिलें. तेथील हवा आपल्या हवेच्या सुमारें शंभराव्या हिश्श्याइतकीच दाट. ‘इंजेन्युइटी’ हें १.८ किलोग्रॅमचें यंत्र, १.२ मीटर व्यासाचे दोन पंखे एकमेकांविरुद्ध फिरवून, तेथें उडावयाचें होतें. अमेरिकेंतील नासाच्या संशोधकांनीं पात्याभोंवतालच्या हवेचे असंख्य कप्पे पाडून संगणकाकडून नवीं कोष्टकें करविलीं. तुकड्यांच्या बेरजेची जुनी रीत टाकली नाहीं, हें मला फार बोलकें वाटतें.

केवळ कागदावर कोणी विसंबलें नाहीं. कॅलिफोर्नियांतील निर्वात कोठींत मंगळासारखी विरळ हवा ठेवून चांचण्या झाल्या. लहान नमुना उचलला गेला, पण आवरेना. पात्यांची फडफड विरळ हवा शमवीत नव्हती. म्हणून पुढचीं पातीं अधिक ताठ केलीं.

१९ एप्रिल २०२१ रोजीं यंत्र ३ मीटर उंच चढलें व ३९ सेकंद हवेंत राहिलें. राइट बंधूंच्या त्या विमानाच्या कापडाचा इवलासा तुकडाहि त्यासवें होता. पांच उड्डाणांसाठीं पाठविलेलें यंत्र ७२ वेळां उडालें. १८ जानेवारी २०२४ रोजीं उतरतांना पातीं मोडलीं. तपासणाऱ्यांच्या मतें दोष बहुधा हवेच्या गणिताचा नव्हता. खालच्या वाळूंत कॅमेऱ्याला ओळखीची खूण सांपडेना, आणि यंत्राचा स्वतःच्या वेगाचा अंदाज चुकला.