कासवाचा श्वास आणि उन्हाचं औषध

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यांत एक इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातून आला होता. विचारणाऱ्या बाई मूळच्या साताऱ्याच्या. त्यांच्या नातीकडे भूमध्य समुद्राकाठच्या जातीचं, दीड वर्षाचं एक कासव आहे. त्याच्या नाकपुड्यांतून फुगे येत होते, मान लांब करून तोंड उघडून ते श्वास घेत होतं, खाणं सोडलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, आणि इंजेक्शनच्या आधी पहिली सूचना केली ती अशी की याच्या दिव्याखालची ऊब वाढवा. बाईंनी विचारलं, ‘आपण तापलेल्या माणसाच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवतो. इथे आजाऱ्याला आणखी तापवायचं, हे कसं?’

मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. कासवाला काय औषध द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं आहे. पण या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि तो मला सांगावासा वाटतो. कासवं माणसाच्या अंगणात शतकानुशतकं मरत आली, आणि ती का मरतात हे कळायला आपल्याला १९७५ साल उजाडावं लागलं.

आधी मूळ अडचण बघू. आपण श्वास घेतो तेव्हा बरगड्या वर उचलल्या जातात, छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा खाली जातो, छातीत जागा होते आणि हवा आत येते. कासवाच्या बरगड्या त्याच्या ढालीतच मिसळून गेलेल्या असतात. त्या हलत नाहीत. आपल्यासारखा पडदाही त्याला नाही. मग हा प्राणी श्वास घेतो तरी कसा? बंद पेटीला भाता कुठून आला?

अ‍ॅरिस्टॉटलपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. श्वास हा शरीराची उष्णता थंड करण्यासाठी असतो, असं त्याचं मत होतं. कासव थंड, त्याच्या फुप्फुसात रक्त कमी, म्हणून त्याला श्वासाची गरजही कमी, आणि म्हणून ते बराच वेळ श्वासावाचून राहू शकतं. बघा, निरीक्षण खरं आहे, कारण चुकीचं आहे. हे जोडपं विज्ञानाच्या इतिहासात फार वेळा भेटतं. आणि ते नुसत्या चुकीपेक्षा जास्त त्रास देतं, कारण निरीक्षण खरं निघालं की कारण कोणी तपासत नाही.

पुढे बराच काळ असा समज होता की कासव बेडकासारखी हवा गिळतं. त्याचा गळा सारखा खालीवर होताना दिसतो, त्यावरून हे कोणालाही सुचेल. याला पहिला मुद्देसूद विरोध केला तो रॉबर्ट टाउन्सन या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने. हा गोटिंगेनला शिकलेला, हंगेरीभर फिरलेला, घरात झाडावरचे बेडूक पाळणारा गृहस्थ. १७९९ साली छापलेल्या लेखात त्याने दाखवलं की कासवाच्या मागच्या पायांच्या बगलेत, कवचाच्या आत, स्नायूंच्या दोन जोड्या आहेत. एक जोडी आतली जागा वाढवते, दुसरी आतले अवयव फुप्फुसांवर दाबते. म्हणजे भाता होता, फक्त तो छातीत नव्हता. टाउन्सनकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १८६३ साली अमेरिकेत वेअर मिचेल आणि मोरहाउस या दोन डॉक्टरांनी कासवाच्या श्वासावर एक प्रबंध लिहिला, स्मिथसोनियन संस्थेने तो छापला, आणि टाउन्सन मुळात बरोबर होता हे ठरलं. चौसष्ट वर्षांनी! मिचेल म्हणजे तोच, ज्याने तुटलेल्या हातापायाच्या जागी होणाऱ्या वेदनेला नाव दिलं, आणि पुढे थकलेल्या स्त्रियांना आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहण्याचा उपचार सांगून बरंच नुकसानही केलं. असो. १९६७ साली गॅन्स आणि ह्यूज यांनी आपल्या लेस्टरच्या कासवाच्या जवळच्याच जातीवर मोजमापं घेतली आणि पुढच्या पायांची, खांद्यांची आतबाहेर होणारी हालचालही श्वासाला हातभार लावते हे दाखवलं. गळ्याच्या त्या हालचालीने फुप्फुसात हवा जात नाही. ती वास घेण्यासाठी असते.

इथे मला गीता आठवल्याशिवाय राहत नाही. स्थितप्रज्ञ कसा, तर कासव आपले अवयव आत ओढून घेतं तसा, ही उपमा आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. आता शरीरशास्त्राच्या अंगाने बघा. कासव पाय आणि मान आत ओढतं तेव्हा कवचातली जागा कमी होते, फुप्फुसं दाबली जातात आणि हवा बाहेर पडते. आपण त्याला उचललं की ‘हिस्स’ असा आवाज येतो तो हाच. लोक म्हणतात ते फुत्कारतं, रागावतं. ते श्वास सोडतं! पूर्ण आत ओढून घेतलेल्या कासवाला नीट श्वास घेताच येत नाही. त्यासाठी पुन्हा थोडं बाहेर यावंच लागतं. ज्याने ही उपमा योजली त्याला हे ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही. तसले दावे करणारे पुष्कळ आहेत.

आता आजाराकडे येऊ. आपल्या छातीत कफ झाला की आपण खोकतो, पडद्याचा जोराचा धक्का देऊन तो बाहेर टाकतो. कासवाला हा धक्का देता येत नाही. त्याची फुप्फुसं पाठीच्या ढालीला चिकटून वरच्या बाजूला असतात आणि त्यातला कफ तिथेच साचतो. म्हणून वरवर साधी सर्दी दिसणारी गोष्ट आत उतरते, आणि आपल्याला कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. पिल्लाचं तर विचारूच नका. देह मुठीएवढा, फरशी गार असेल तर थोड्या वेळात तेही तेवढंच गार.

आणि मुख्य मुद्दा हा गारपणाचाच आहे. आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. कासव ऊब बाहेरून आणतं: उन्हात जातं, सावलीत जातं, मातीत शिरतं. त्याचं पचन, त्याची रोगाशी लढणारी यंत्रणा, सगळं त्या आणलेल्या उबेवर चालतं.

हे कोणी पाहिलं नव्हतं असं नाही. गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने पाहिलं होतं. त्याच्या आत्याकडे ससेक्समधल्या रिंगमर गावी टिमथी नावाचं कासव होतं. १७८० च्या मार्चमध्ये आत्या गेल्यावर व्हाइटने ते जमिनीतून उकरलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैल प्रवास करून सेलबोर्नला आणलं. गाडीच्या खडखडाटाने कासव जागं झालं, बागेत दोन फेऱ्या मारल्या, संध्याकाळी गारठा पडल्यावर पुन्हा मातीत शिरलं. व्हाइटने त्याच्या नोंदी ठेवल्या, वजनं केली, आणि १७८९ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की शरद ऋतूत ऊन मंदावलं की हे कासव भिंतीला टेकून आपलं कवच तिरपं करतं, म्हणजे प्रत्येक किरण अंगावर यावा. मला हे वाक्य त्या पुस्तकातलं फार मोलाचं वाटतं. अर्थात आपण एका प्राण्याला स्वतःचं औषध घेताना पाहतोय, हे व्हाइटला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. (टिमथी मादी होती हेही व्हाइटला शेवटपर्यंत कळलं नाही. ते तिच्या मृत्यूनंतर कवच तपासल्यावर कळलं.)

टिमथीचं नशीब चांगलं. मोकळी बाग आणि कोरडी माती मिळाली. त्याआधी आर्चबिशप लॉडचं कासव लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात १६३३ पासून १७५३ पर्यंत जगलं आणि शेवटी म्हणे माळ्याच्या हलगर्जीपणाने गारठून गेलं. लॉडचा स्वतःचा शिरच्छेद १६४५ मध्येच झाला होता. विसाव्या शतकात मात्र मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इथून लाखोंच्या संख्येने कासवं ब्रिटनला गेली, पेट्यांमध्ये एकावर एक रचून, खेळण्यासारखी विकायला. त्यांतल्या फार मोठ्या हिश्शाने पहिल्या हिवाळ्यानंतरचं ऊन पाहिलं नाही. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने हा व्यापार बंद केला. त्या काळातली समजूत अशी होती की कासव चिवट असतं, त्याला काही लागत नाही. पुन्हा तेच: निरीक्षण खरं, कारण चुकीचं. ते चिवट असतं म्हणजे मरायला वेळ लावतं, एवढंच.

आता बाईंच्या प्रश्नाचं थेट उत्तर. १९७४-७५ साली अमेरिकेत मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी सरड्यांवर प्रयोग केले. सरड्यांना जंतूंची बाधा केली आणि एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला गरम अशा पेटीत सोडलं. आजारी सरडे एरवीपेक्षा सुमारे दोन अंश जास्त उबेची जागा निवडू लागले. म्हणजे त्यांना ताप आला, पण तो चालत जाऊन आणला! मग संशोधकांनी आजारी सरड्यांना ठरावीक तापमानांत कोंडून ठेवलं. ४२ अंशांना ठेवलेल्यांपैकी बहुतेक जगले, ३४ अंशांना ठेवलेल्यांपैकी बहुतेक मेले. पुढच्या वर्षी त्यांनी काही सरड्यांना ताप उतरवणारं औषध दिलं. ज्यांचा ताप त्यामुळे हटला ते मेले. कासवांच्या काही जातींतही असाच चालत जाऊन आणलेला ताप नंतर आढळला, सगळ्या जातींत नाही.

आपला ताप हा आतून येतो, म्हणून तो थोडा उतरवायचा का हा प्रश्न तरी पडतो. कासवाला ताप आणायला जागा लागते. काचेच्या पेटीत सगळीकडे सारखंच गार असेल, तर आजारी कासवाला कुठे जायचं ते कळत असूनही जाता येत नाही. डॉक्टरांनी दिवा लावायला सांगितला तो त्यासाठी. पण पेटीचा दुसरा कोपरा थोडा गार ठेवायलाही सांगितलं असेल, ते विसरू नका. निवड कासवाची असली पाहिजे, उकडून काढणं म्हणजे उपचार नव्हे.

औषधाचंही तेच आहे. गोफर जातीच्या कासवांवर १९९० च्या सुमारास केलेल्या अभ्यासात दिसलं की एक प्रतिजैविक ३० अंशांना शरीरातून जेवढ्या लवकर निघून जातं, तेवढ्या लवकर २० अंशांना जात नाही. म्हणजे इंजेक्शन किती दिवसांनी द्यायचं हे खोलीच्या उबेवर ठरतं. म्हणून घरातल्या माणसांच्या गोळ्यांचा तुकडा कुटून देऊ नये, रोज ग्रॅममध्ये वजन करावं, आणि तापमान अंदाजाने सांगू नये, थर्मामीटर लावावा.

दुसरी एक हकीकत सांगतो. १९८८ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात रानातली कासवं नाक गळून मरताना आढळली. १९९० मध्ये ती जात धोक्यात असल्याचं जाहीर झालं. जंतू सापडला, मायकोप्लाझ्मा, आणि १९९४ मध्ये तोच कारण आहे हे प्रयोगाने सिद्ध झालं. दाट संशय असा की लोकांनी पाळलेली आजारी कासवं दया येऊन वाळवंटात सोडली, त्यांच्याबरोबर हा रोग गेला. बरं झालेलं दिसणारं कासवही जंतू बाळगून असू शकतं.

हे आपल्याकडच्या लोकांनी विशेष ऐकावं. मुंबई-पुण्यात अजून लपूनछपून ताऱ्यांची नक्षी असलेलं कासव ‘शुभ’ म्हणून घरात ठेवतात. ते कोरड्या माळाचं जनावर, आपण त्याला कोकणच्या पावसाळ्यात फरशीवर ठेवतो. वन्यजीव कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे, २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. शिंकायला लागलं की घाबरून तलावाकाठी सोडून येणारे असतात. तलाव हे त्याचं घर नाही, ते पोहणारं कासव नव्हे; आणि त्याच्या नाकातलं जे काही आहे ते तिथल्या बाकीच्यांना मिळतं. ते वनखात्याच्या हाती द्यावं.

लेस्टरच्या बाईंनी परवा पुन्हा लिहिलं, की नात विचारते, ‘हिवाळ्यात याला झोपू द्यायचं का?’ या वर्षी नाही. आजारी आणि वजन उतरलेल्या पिल्लाला शीतनिद्रेत घालत नाहीत.