काडतुसाची टोपी : छोटा घटक, मोठी जोखीम

भंडारा : शहरालगतच्या जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी भीषण स्फोट झाला आणि त्या दिवशी आठ कामगारांना प्राण गमवावे लागले. प्रशिक्षित मनुष्यबळ आणि कडक नियम असलेल्या कारखान्यातही स्फोटक द्रव्य किती बेभरवशाचे असते, याचा हा दारुण प्रत्यय होता. तरीही वापरलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरता येतात काय, त्यासाठी कोणती ‘टोपी’ चालते, अशी विचारणा बंदूक बाळगणाऱ्यांत होत असते. या प्रश्नाची तांत्रिक आणि कायदेशीर बाजू समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

टोपी म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात : पुंगळी, दारू, गोळी किंवा छर्रे आणि पुंगळीच्या बुडाशी बसवलेली टोपी, म्हणजेच प्रायमर. चाप ओढताच बंदुकीची पिन टोपीवर आदळते. टोपीतील संवेदनशील मिश्रण पिन आणि आतील ‘ऐरण’ यांच्यामध्ये चिरडून पेटते. त्याची ज्योत छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते आणि निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी सुटते.

आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा बंदुकीसाठी वापर करण्याचे पेटंट अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतले. पूर्व विदर्भात पोलिसांच्या जप्तीच्या बातम्यांत ‘भरमार’ बंदुकीचा उल्लेख वारंवार येतो. नळीच्या तोंडातून दारू भरायची आणि मागील बाजूस टोपी चढवायची, ही तिची पद्धत त्याच शोधाच्या पोटी आली.

बॉक्सर आणि बर्डन

आधुनिक टोप्यांचे दोन मुख्य प्रकार १८६६ च्या सुमारास पुढे आले. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत ऐरण टोपीतच असते व पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि तिच्या बाजूला सहसा दोन छिद्रे असतात. गंमत अशी की, ब्रिटिश बॉक्सरची टोपी अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकी बर्डनची युरोपात! बॉक्सर पुंगळीतील जुनी टोपी मधल्या छिद्रातून सरळ काढता येते. त्यामुळे जेथे पुनर्भरण कायदेशीर आहे, तेथे याच पुंगळ्या पसंत केल्या जातात. एका प्रकारची टोपी दुसऱ्या प्रकारच्या पुंगळीत चालत नाही.

जुळणी का महत्त्वाची?

बॉक्सर टोप्या प्रामुख्याने दोन व्यासांच्या असतात : लहान सुमारे ४.४५ मिलिमीटर आणि मोठी सुमारे ५.३३ मिलिमीटर. मात्र व्यास जुळला म्हणजे टोपी जुळली, असे नव्हे. रायफलमध्ये दाब अधिक असतो, म्हणून तिच्या टोपीचा पत्रा पिस्तुलाच्या टोपीपेक्षा जाड असतो. पिस्तुलाची टोपी रायफलच्या पुंगळीत बसवल्यास पत्रा फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळू शकतो. उलटपक्षी, रायफलची मोठी टोपी पिस्तुलाच्या पुंगळीत किंचित बाहेर राहते. बाहेर आलेली टोपी बंदुकीचा खटका बंद होतानाच उडण्याचा धोका असतो.

‘मॅग्नम’ टोपीची ज्योत अधिक प्रखर असते. साध्या टोपीऐवजी ती वापरल्यास तेवढ्याच दारूत दाब वाढू शकतो. बारा बोअरच्या काडतुसांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘२०९’ क्रमांकाच्या टोप्याही निरनिराळ्या कंपन्यांच्या असल्यास दाबात लक्षणीय फरक पडतो. म्हणूनच परदेशात अधिकृत तक्त्यांमध्ये पुंगळी, दारू, गोळी आणि टोपी यांचा संच एकत्र दिलेला असतो. त्यातील एक घटक बदलला, तरी तो तक्ता लागू राहत नाही.

नेमबाजांच्या पॉइंट २२ काडतुसात स्वतंत्र टोपीच नसते. ते मिश्रण पुंगळीच्या कडेच्या पोकळीत असते आणि पिनच्या आघाताने कडा चेपली जाते. साहजिकच या पुंगळ्या पुन्हा भरण्याजोग्या राहत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच प्रकारच्या रायफलने.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘दारूगोळा’ या संज्ञेत केवळ तयार काडतुसेच नव्हे, तर त्यांचे सुटे भाग आणि ती बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीसाठी स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. परंतु बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतुसे बनविण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीसाठी किमान सात वर्षांच्या कारावासापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. याखेरीज स्फोटक पदार्थांविषयीचे कायदे लागू होतात, ते वेगळेच. त्यांच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय शेजारच्या नागपुरातच आहे.

मग काडतुसे येतात कोठून? भंडाऱ्याच्या निर्माणीत प्रामुख्याने प्रणोदक दारू व स्फोटके तयार होतात. काडतुसांचे उत्पादन खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे होते. या तिन्ही निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत.

परवानाधारकांनी काय करावे?

काडतुसे अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावीत आणि परवान्यात नमूद मर्यादेतच बाळगावीत. चाप ओढूनही काडतूस न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण काही वेळा टोपी उशिरा पेट घेते. न उडालेले काडतूस घरी उकलून पाहू नये. वडिलोपार्जित बंदुकीसोबत जुनी काडतुसे वा सुट्या टोप्या आढळल्यास त्यांना ठोकाठोक न करता पोलीस ठाण्यास कळवावे. टोपीतील मिश्रणात बहुधा शिशाची संयुगे असतात. त्यामुळे काडतुसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

मसुराच्या दाण्याहून फारशी मोठी नसलेली ही टोपी दिसायला क्षुल्लक वाटते. परंतु तिची निवड चुकली, तर परिणाम हात, डोळे आणि प्रसंगी जीव यांवर बेततात. हे काम कारखान्यावरच सोडणे शहाणपणाचे.