परदेशी शिष्यवृत्ती आणि आपल्या संस्कृतीचा अभ्यास

नागपुरातील सदरपासून अजब बंगला फारसा दूर नाही. हे संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. त्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून मरण पावला. गोंडांच्या लिंगोची गाथा त्याने एका परधानाकडून उतरवून घेतली होती. रिचर्ड टेंपलने ती त्याच्या इतर टिपणांसह १८६६ मध्ये छापली. ग्रंथ हिस्लॉप-टेंपलच्या नावाने ओळखला जातो, गाणाऱ्याच्या नावाने नाही.

परकीयांनी लिहिले म्हणून ते टाकाऊ, असे मात्र मी म्हणणार नाही. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या चळवळीवर प्रबंध लिहिला, तेव्हा आपल्या विद्यापीठांतील पंडितांना हा विषय प्रबंधाच्या योग्यतेचा तरी वाटत होता काय? त्या मिनेसोटातील कार्लटन कॉलेजात शिकवीत. अमेरिकेच्या मिडवेस्टमधील महाविद्यालयांचा एक भारत-अभ्यासक्रम पुण्यात चाले. तिकडची मुले येत, मराठी कुटुंबांत राहत, भाषा, संगीत, समाज शिकत आणि तो अभ्यास त्यांच्या पदवीत धरला जाई. झेलियटबाईंनी या अभ्यासक्रमाचे नेतृत्वही केले. गेल ऑम्वेट याही कार्लटनच्याच विद्यार्थिनी. त्या तर इथल्याच झाल्या.

आता उलट दिशेचा प्रवास पाहू. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन, दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून देऊन, बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. आपला समाज त्यांनी परदेशातल्या वर्गात, परदेशी ग्रंथालयाच्या आधाराने तपासला. गावकुसाच्या आत बसून जे बोलता येत नव्हते ते तेथे बोलता आले. पुढे १९४२ च्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी मदत मागितली. त्या निवेदनात भर विज्ञान-तंत्रशिक्षणावर होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने तिच्या सूचना बदलल्या. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे त्यात लिहिले. कारण असे दिले गेले की, या विषयांची साधने देशातच भरपूर आहेत. साधने आहेत हे खरे. पण ती कोणाच्या कपाटात आहेत, आणि कोणत्या मार्गदर्शकाच्या मर्जीने उघडतात?

एकूण १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींना, ६ भटक्या-विमुक्तांना आणि ४ भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागिरांना. म्हणजे कारागिराचा मुलगा परदेशी जाऊ शकतो, पण बापाच्या कारागिरीचा इतिहास हा त्याचा विषय असता कामा नये. झेलियटबाईंनी चोखामेळ्यावर लिहिले. सदरलगतच्या गड्डीगोदामातल्या एखाद्या मुलीला तोच विषय घेऊन त्याच विद्यापीठात जायचे असेल, तर या सूचनांप्रमाणे तिचा अर्ज छाननीतच बाद. कोलंबियातला तो १९१६ चा निबंधही या कलमातून सुटला नसता.