‘सुरखाब’

१. सुरखाब : येथे फ्लेमिंगो, मराठीत रोहित किंवा अग्निपंख. लेखकाचे घराणे खानदेशातले असले तरी उमेदीचा काळ सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये गेला, त्यामुळे पक्ष्याचे गुजराती नावच त्यांच्या लेखणीत उतरले. ते बदललेले नाही. मात्र हिंदीच्या सवयीने वाचणारा येथे हमखास फसतो. शब्द फारसी : ‘सुर्ख’ म्हणजे लाल, ‘आब’ म्हणजे पाणी. हिंदी-उर्दूत तो चक्रवाकाला लावतात. ‘सुरखाब के पर’ ज्याला लागले नाहीत असे हिणवतात, तो सुरखाब हाच नारिंगी बदक. गुजरातीत मात्र लांब पायांचा, गुलाबी पंखांचा फ्लेमिंगो. तो गुजरातचा राज्यपक्षी असून कच्छच्या मोठ्या रणात घरटी करतो. तेथे त्याला ‘हंज’ही म्हणतात.

‘रोहित’ म्हणजे संस्कृतात तांबडा. ‘फ्लेमिंगो’ पोर्तुगीजमार्गे आला. त्याच्या मुळाशी बहुतेक जण लॅटिन ‘ज्वाला’ पाहतात, काही जण फ्लांडर्सच्या तांबूस गालांच्या लोकांशी नाते जोडतात. पहिली व्युत्पत्ती अधिक पटते, आणि ‘अग्निपंख’ तिच्या शेजारी शोभतो. शास्त्रीय नावातला ग्रीक ‘फिनिकोप्टेरस’ही किरमिजी पंखांचाच. गंमत अशी, की पिल्लू करडे असते. लाली शेवाळ आणि कोळंबीसारख्या खाद्यातल्या रंगद्रव्यांतून चढते. पुढे लेखक त्याला ‘रंगाऱ्याचा पक्षी’ म्हणतात ते यामुळे.