घरगुती वस्तू व अन्न यांचे विषाणूंपासून संरक्षण

घरातील अन्न, पाणी, भांडी, कपडे आणि वारंवार हाताळले जाणारे पृष्ठभाग यांवाटे होणारा विषाणूंचा प्रसार रोखण्यासाठी केल्या जाणाऱ्या उपायांचा यात समावेश होतो. जिवाणूंप्रमाणे विषाणू अन्नात वाढत नाहीत. त्यांची वाढ केवळ सजीव पेशीत होते. त्यामुळे विषाणूंनी दूषित झालेल्या अन्नाचा वास, रंग वा चव बहुधा बदलत नाही. मात्र काही विषाणूंचे अत्यल्प कणही रोग निर्माण करण्यास पुरेसे असतात.

विषाणूंचे प्रकार

करोना व इन्फ्लुएन्झा या विषाणूंभोवती मेदयुक्त आवरण असते. साबण आणि सुमारे ७० टक्के अल्कोहोल यांमुळे हे आवरण विरघळते व विषाणू निष्क्रिय होतो. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस तसेच 'अ' व 'ई' प्रकारच्या काविळीचे विषाणू यांना असे आवरण नसते. अन्न व पाण्यावाटे पसरणारे रोग मुख्यतः या दुसऱ्या गटामुळे होतात. नोरोव्हायरसवर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा परिणाम अपुरा ठरतो. तेथे साबण व वाहत्या पाण्याने किमान २० सेकंद हात चोळून धुणेच उपयुक्त असते.

पाणी

१९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे पाणी सांडपाण्याने दूषित होऊन काविळीची मोठी साथ आली. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन मिसळले जात असल्याने विषमज्वरासारखे जिवाणूजन्य रोग फारसे वाढले नाहीत, परंतु विषाणू मात्र टिकून राहिला. ही साथ 'ई' प्रकारच्या काविळीची होती, हे पुढे स्पष्ट झाले. साथीच्या काळात पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे व झाकून ठेवावे. गोठवल्याने विषाणू नष्ट होत नाहीत. म्हणून दूषित पाण्याचा बर्फही तितकाच धोकादायक असतो.

अन्न

फळे व भाज्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुवाव्यात. साबण, डिटर्जंट किंवा फरशी पुसण्याचे जंतुनाशक त्यांवर वापरू नये. ते पोटात जाऊन अपाय होऊ शकतो. कोथिंबीर, काकडी, कांदा असे कच्चे खाल्ले जाणारे पदार्थ विशेष काळजीपूर्वक धुवावेत. कालवे व शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे त्यांच्या शरीरात विषाणू साठतात. केवळ शिंपले उघडेपर्यंत वाफवणे पुरेसे नसते. आतील मांस ९० अंश सेल्सियसला सुमारे दीड मिनिट शिजणे आवश्यक असते. उलट्या-जुलाब झालेल्या व्यक्तीने ते थांबल्यानंतरही दोन दिवस स्वयंपाक करू नये.

पृष्ठभाग व कपडे

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात करोना विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत, तर पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आढळला. त्या काळात अनेक घरांत दुधाच्या पिशव्या व किराणा सामानही धुतले जात असे. पुढे हा विषाणू मुख्यतः हवेवाटे पसरतो व पृष्ठभागावरून संसर्गाची शक्यता अल्प असते, असे दिसून आले. याउलट नोरोव्हायरसच्या प्रसारात दूषित पृष्ठभागांचा वाटा मोठा असतो.

रुग्णाची उलटी वा विष्ठा पडलेली जागा आधी साबणाने धुवावी. नंतर ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण लावून किमान पाच मिनिटे ओले ठेवावे. ५ टक्के तीव्रतेचे २० मिलिलिटर द्रव ९८० मिलिलिटर पाण्यात मिसळल्यास हे द्रावण तयार होते. त्याची शक्ती लवकर घटत असल्याने ते रोज ताजे करावे. रुग्णाचे कपडे न झटकता गरम पाण्यात धुवून पूर्ण वाळवावेत.

सावधगिरी

हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर शौचालय स्वच्छ करण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. अशी द्रव्ये पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नयेत. ती मूळ डब्यातच, लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावीत.