तोंडजबानी

दुधनेकाठच्या काळ्या, सपाट रानात वसलेल्या परतूरला सह्याद्रीसारखे डोंगर नाहीत, पण कचेरी आहे. आणि डोंगरातल्या माणसांची हकीकत त्यांच्याच मुखातून ऐकून कागदावर उतरविण्याची रीत कशी रुजली, याची कुळकथा सांगावयाची तर ती कचेरीच्या ओसरीवर बसूनच सांगावी लागते, कारण त्या रीतीचे जुने नाव ‘तोंडजबानी’ हे कचेरीच्याच वहिवाटीतले आहे.

‘जबान’ म्हणजे फारसीत जीभ. ‘जबानी’ म्हणजे जिभेने सांगितलेले. ‘धन’ला ‘दौलत’ आणि ‘कागद’ला ‘पत्र’ जोडावे, त्याच न्यायाने मराठी माणसाने ‘जबानी’च्या पुढे आपले ‘तोंड’ बसविले. वरवर पाहता ही निव्वळ द्विरुक्ती. परंतु परतूर परगण्याची रयत १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होती, दरबाराची भाषा उर्दू होती, आणि शेताच्या बांधाचा तंटा मराठीत सांगणाऱ्या कुणब्याला आपल्याच बोलण्याचा उर्दू कागद वाचता न येता त्यावर अंगठा उठवावा लागे, हे ध्यानी घेतले म्हणजे या सामासिक शब्दातले तोंड रयतेचे व जबान सरकारची हा भेद उमगतो.

मावळात ही रीत प्रथम वतनाच्या आश्रयाने वाढली. रोहिडखोऱ्यातील कारीच्या जेधे देशमुखांचा करीना प्रसिद्धच आहे. आपल्या घराण्याची सेवा, संकटे आणि हक्क यांची हकीकत त्यात मराठीत नमूद आहे. मात्र तो आवाज देशमुखाचा. त्याच खोऱ्यात गुरे राखणाऱ्याकडे मागण्यासारखे वतन नव्हते, म्हणून त्याला कोणी करीना विचारला नाही.

ज्यांना वतन नव्हते त्यांना विचारणा झाली ती बेडी पडल्यावर. पुरंदरच्या डोंगरात इंग्रजांना सळो की पळो करून सोडणारे रामोशी उमाजी नाईक १८३१ च्या अखेरीस पकडले गेले, आणि पुण्यात कैदेत असताना कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने त्यांची हकीकत त्यांच्याकडूनच ऐकून टिपून घेतली. १८३२ मध्ये उमाजींना फाशी झाली. रामोशांवरील मॅकिंटॉशचा ग्रंथ मुंबईत १८३३ मध्ये इंग्रजीत छापला गेला. सांगणारा ग्रंथ निघण्यापूर्वीच निवर्तला, आणि जगता तरी तो त्याला वाचता आला नसता.

परतूर ज्या संस्थानात मोडत होते, त्याच संस्थानाच्या आदिलाबादकडील डोंगरांत पुढे या कथेने वळण घेतले. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचे पुढारी कोमरम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडले; त्या असंतोषाचे मूळ शोधण्याच्या कामी निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची योजना केली. चौकशीचा हुकूम दरबारचा होता खरा, परंतु हा गृहस्थ मारलवाई या गोंड वस्तीत जाऊन राहिला, आणि किंगरी वाजवून गोंडांची कुळे व दैवते गाणाऱ्या परधानांच्या मुखातून त्याने त्या कथा गोंडीतच उतरवून घेतल्या. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांचे शिक्षणकेंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपाठ तयार झाले. ज्याचे तोंड, त्याचीच जबान कागदावर यावी, याचा हा दुर्मीळ प्रारंभ.

अलीकडच्या काळात हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ खेड्यांत जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला, आणि तो संग्रह लाखाच्या घरात गेला. पहाटेच्या अंधारात जात्याचा खुंटा धरून माहेर, सासर आणि पंढरी यांविषयी बोलणारी बाई कोणत्याही हाकिमापुढे उभी नसते. तिला कोणी कौल द्यावयाचा नसतो की शिक्षा सुनवावयाची नसते. म्हणून तिच्या ओवीत जे सापडते ते मॅकिंटॉशच्या टिपणांत सापडणे शक्य नव्हते.

कचेरीत आजही जबाब संपताना शेवटी ठरावीक वाक्य येते: माझे सांगणेप्रमाणे लिहिले, मला वाचून दाखविले, ते बरोबर आहे. आपण त्याकडे रिवाज म्हणून पाहतो आणि खाली सही ठोकतो. परंतु डोंगरातल्या माणसांविषयी लिहिलेले कोणतेही पान हाती आले, म्हणजे त्यातले ‘मला वाचून दाखविले’ एवढे मधले शब्द खरे आहेत काय, हे आधी विचारावे.