मुलाचा ताबा : हक्कापेक्षा हित मोठे

पती-पत्नी विभक्त झाल्यावर मालमत्तेची वाटणी करता येते, मुलाची नाही. म्हणूनच ताब्याच्या दाव्यात ‘हक्क कोणाचा’ यापेक्षा ‘मूल कोणाजवळ नीट वाढेल’ हा प्रश्न न्यायालयाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

असे दावे मुख्यतः पालक व पाल्य अधिनियम, १८९० अन्वये चालतात. हिंदू कुटुंबांना त्याबरोबरच हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ लागू होतो. त्यातील कलम १३ मुलाच्या कल्याणाला सर्वोच्च स्थान देते. घटस्फोटाचा दावा प्रलंबित असल्यास त्याच न्यायालयात ताब्याची मागणी करता येते.

पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे, असे १९५६ चा अधिनियम सांगतो. अशा मुलाचे हित आईजवळ नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात २०१५ मध्ये स्पष्ट केले. मात्र पाच वर्षे पूर्ण होताच ताबा आपोआप वडिलांकडे जातो, हा समज चुकीचा आहे. हनफी मुस्लिम कायद्यात मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत संगोपनाचा अधिकार, म्हणजे हिजानत, आईकडे असतो. तेथेही न्यायालय मुलाचे हित तपासतेच.

ताबा आणि पालकत्व या भिन्न गोष्टी आहेत. ‘वडिलांनंतर आई’ या नैसर्गिक पालकत्वाच्या तरतुदीचा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा नाही. वडील मुलाची जबाबदारी घेत नसतील, तर त्यांच्या हयातीतही आई पालक ठरू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये दिला.

निर्णय देताना मुलाचे वय, आरोग्य, शिक्षण, भावंडांचा सहवास आणि पालकांचे वर्तन यांचा विचार होतो. समज आलेल्या मुलाची इच्छाही लक्षात घेतली जाते. त्यासाठी न्यायाधीश त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलू शकतात. केवळ अधिक मिळकत हा निर्णायक मुद्दा ठरत नाही. आईचे उत्पन्न कमी असल्यास वडिलांना मुलाचा निर्वाहखर्च देण्यास सांगता येते.

अर्ज कोठे करावा, हेही मुलावरूनच ठरते. भिवंडी तालुक्यातील राहनाळ येथे नेहमी राहणारे मूल एका पालकाने परस्पर दुसऱ्या शहरात नेले, तरी तेवढ्याने तेथील न्यायालयाला अधिकार मिळत नाही. मुलाचे सर्वसाधारण वास्तव्य जेथे असते, तेथील न्यायालय, या उदाहरणात ठाणे जिल्ह्यातील, हा अर्ज ऐकू शकते.

ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याचे नाते संपत नाही. भेटीचे दिवस, सुट्ट्यांतील मुक्काम यांची तरतूद आदेशात केली जाते. दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलद्वारे संपर्काची सोय असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती पालटल्यास तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितले आहे. त्यामुळे ताबा मिळालेल्या पालकाने ठरलेल्या भेटी अडवल्या, तर ते वर्तन पुढील अर्जात त्याच्याच विरोधात जाऊ शकते.